गायकवाड बाईंचा काठ

आमच्या गावच्या दूध संस्थेत संचालक मंडळाची बैठक सुरू होण्याआधी हजेरी व्हायची. सह्यांची नव्हे, तोंडी. गायकवाड बाई चष्म्यावरून बघत एकेक नाव पुकारायच्या आणि साठी ओलांडलेले, पांढऱ्या मिशांचे, नातवंडं असलेले संचालक खुर्चीतून अर्धवट उठून "हजर बाई" म्हणायचे. एकदा आमच्या माजी अध्यक्षांनी, नानासाहेबांनी, बसल्या जागेवरून नुसता हात वर केला. बाईंनी नाव परत पुकारलं. नानासाहेब उठले. परत बसायला त्यांना जरा वेळ लागला, कारण बाईंनी "बसा" म्हटलं नव्हतं.

बाई संस्थेच्या अध्यक्ष कशा झाल्या ते सांगतो. गावात दोन गट. एका गटाचा माणूस दुसऱ्याला चालेना, दुसऱ्याचा पहिल्याला. दोन्हीकडच्यांमध्ये समान अशी एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे गायकवाड बाईंची भीती. बाई जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निम्म्या गावाचे कान त्यांच्या हाताखालून गेलेले. सभासद व्हायला दूध घालावं लागतं म्हणून त्यांनी एक म्हैस घेतली आणि तिचं नाव ठेवलं पेन्शन. "ती कागदावरची म्हैन्याला येती," बाई म्हणायच्या, "ही सकाळ-संध्याकाळ."

मी संस्थेचा सचिव. चौथीत बाईंनी मला एक वर्ष जास्तीचं ठेवून घेतलं होतं. लोक त्याला नापास म्हणतात. बाई म्हणायच्या, "दत्ताला अजून एकदा समजून घ्यायचं होतं." संस्थेतही त्यांचं माझ्याबद्दल तेच धोरण राहिलं.

त्यांच्या बोलण्याचं एक तंत्र होतं. रागात असल्या की शुद्ध, पुस्तकी मराठी. "दत्तात्रय, आपण हे काय केलंत?" असं आलं की उठून उभं राहायचं. आणि "दत्ता, काय करून ठिवलंस बे हे" असं आलं की समजायचं, माफी झाली. उन्हाळा असो, दुष्काळ असो, हातात छत्री. कुणी टोकलं की म्हणायच्या, "पाऊस न्हाई म्हनून काय झालं. कुत्री हायत की गावात."

आता हौदाची गोष्ट.

संस्थेच्या ऑफिससमोर, कडुनिंबाजवळ, नानासाहेबांनी आपल्या कारकिर्दीत एक बाग केली होती. बाग म्हणजे चार क्रोटन, लोखंडी कमान आणि मधोमध सिमेंटचा गोल हौद. हौदाच्या मध्यभागी सिमेंटचा बगळा, त्याच्या चोचीतून कारंजं. मंत्री येणार होते म्हणून हे सगळं. मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं गेले. बगळ्यानं एक दिवस गुळण्या केल्या आणि मोटर जळाली. पुढं त्या हौदात गुटख्याच्या पुड्या आणि निवडणुकीतली पत्रकं साठली. बाई अध्यक्ष झाल्या तेव्हा हौदाची ही परिस्थिती.

त्या उन्हाळ्यात गावच्या तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. जेसीबी आले, ट्रॅक्टर आले, तळं खोल झालं. गाव खूश. बाईंनी स्वतः नारळ फोडला होता. पण शेवटच्या दिवशी जेसीबीवाल्यानं हौसेनं तळ्याचा काठही चारी बाजूंनी खरवडून गुळगुळीत करून दिला आणि बाई छत्री आपटत भरावावरून खाली उतरल्या.

"खोल केलंस ते बरं केलंस. काठ कावून भादरला?"

"साफ दिसतंय की मावशी," तो म्हणाला.

"मावशी न्हाई, बाई म्हन. आन् तळं म्हंजी काय न्हाव्याकडं आलेलं गिऱ्हाईक हाय का?"

मग त्या गाळाच्या ढिगाऱ्याकडे वळल्या आणि मला म्हणाल्या, "दत्ता, घमेलं आण." मला वाटलं, घरच्या तुळशीला गाळ न्यायचा असेल. मी अगदी छोटं घमेलं आणलं. संध्याकाळपर्यंत तेच घेऊन मी इतक्या फेऱ्या घातल्या, की मोठं का आणलं नाही याचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. बाई ढिगात बसून मुळ्या वेचत होत्या. लव्हाळ्याचे गड्डे, पाणकणसाची जाड मुळं, ब्राह्मीच्या लोळणाऱ्या काड्या, कोळसुंद्याचे काटेरी बुंधे. सगळं ओल्या पोत्यात.

"आता तळ्याला पाऊस येऊस्तवर ह्यांची सोय कुठं करायची?" असं म्हणत त्यांनी गावाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर नानासाहेबांचा हौद उभा राहिला असणार.

हौद उभ्या भिंतींचा. काठावर वाढणाऱ्या झाडाला ते चालत नाही, त्याला पाय पाण्यात आणि डोकं वाऱ्यात लागतं. बाईंनी आतून दगड आणि मुरूम रचून पायऱ्या करून घेतल्या आणि त्यांवर तळ्यातलाच गाळ पसरला. मग झाडांना बसवलं. हो, बसवलंच, कारण त्या शाळेच्या भाषेतच बोलत होत्या. "बुटकी पुढं. ब्राह्मी, माका, या पहिल्या बाकावर. लव्हाळा मधी. पाणकणीस उंच हाय, ते मागं बसंल, न्हाईतर फळा कुनाला दिसनार?" पाणकणसाला जमिनीत न लावता तळाला भोकं पडलेल्या दुधाच्या जुन्या कॅनमध्ये लावलं. "दांडगं पोरगं हाय. मोकळं सोडलं तर सगळा वर्ग एकटंच अडवंल." वेखंडाचा गड्डा त्यांनी घाटनांदूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या विहिरीवरून मागवला. तो एसटीत कंडक्टरच्या मांडीवर बसून आला.

मलाही उत्साह आला. झाडं म्हटलं की खत, हे मला माहीत होतं. एका रविवारी मी हौदात दोन पाट्या शेणखत टाकलं. चार-पाच दिवसांत पाणी इतकं हिरवंगार झालं की लोकांना वाटलं, संस्थेनं रंगपंचमी लांबवलीय. बाई हौदाकडे बघत म्हणाल्या, "दत्ता, तळ्याला कुनी खत घालतं का रं?" त्यांनी निम्मं पाणी उपसायला लावलं. कुणी उपसलं, ते सांगत नाही.

पुढं मी नगरच्या पाहुण्यांकडून एक फुगीर देठाचं, जांभळ्या फुलांचं रोप आणलं. नदीत तरंगत होतं, फार देखणं. बाईंनी ते दोन बोटांत धरून उलटं-पालटं केलं.

"ह्याचा रहिवासी दाखला कुठं हाय?"

"बाई, फुलं बघा तरी."

"बघितली. ही जलपर्णी. पाहुनी म्हनून यील आन् घर नावावर करून घील." ते रोप त्यांनी माझ्यासमोर तापल्या फरशीवर वाळायला ठेवलं आणि वाळेपर्यंत मला तिथून हलू दिलं नाही. हौदात प्रवेश फक्त आपल्या मुलखातल्या झाडांना, हा नियम तेव्हापासून लेखी झाला. संचालक मंडळाचा ठरावच आहे तसा.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. नवं, खोल, भादरलेलं तळं पाऊलभर डबक्यावर राहिलं आणि दिवाळीआधी तेही भेगाळलं. ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. घरंच्या घरं ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यांकडे गेली. टँकर आला की घागरींची रांग मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत. विहिरींत उतरलं तर तळाचे दगड मोजता यायचे.

अशात हौदाला पाणी कुठलं? तर दुधाच्या कॅन धुण्याचं. कॅन तीनदा धुवाव्या लागतात, त्याला इलाज नाही, नाहीतर दूध नासतं. सोड्याचं पहिलं पाणी बाई वेगळ्या खड्ड्यात सोडायला लावत. शेवटच्या दोन धुण्यांचं पाणी पूर्वी गटारीनं नानासाहेबांच्या घराकडे जायचं आणि तिथं काळं होऊन घाण मारायचं. बाईंनी ते दगडी चरातून पाणकणसाच्या कॅनपाशी वळवलं, तिथून लव्हाळ्यातून, वेखंडातून हौदात, आणि हौदाच्या दुसऱ्या अंगानं एका दगडी डोणीत. वर पांढुरकं, दुधाळ पाणी आत जायचं. खाली डोणीत पडायचं ते असं निवळ, की तळाशी पडलेली टाचणी दिसावी. टँकरचा थेंबसुद्धा त्यात नव्हता.

सगळा तालुका मातीच्या रंगाचा झालेला असताना आमच्या ऑफिससमोर तेवढा हातरुमालाएवढा हिरवा तुकडा. सिमेंटच्या बगळ्याशेजारी खरा बगळा येऊन उभा राहायला लागला. खरा कोणता हे कळायला लोक खडा मारून बघायचे.

आता माझा पराक्रम.

बाई लेकीकडे लातूरला गेल्या होत्या. तेवढ्यात सहकार खात्याचे अधिकारी येणार असा फोन आला. मी ऑफिस झाडलं, फोटो पुसले आणि बाहेर येऊन बघतो तर हौदाभोवती ही झाडी. मला वाटलं, साहेब म्हणतील, संस्थेत गवत माजलंय. मी धोतर खोचून, नाही, पँटच होती, पण आव धोतराचा होता, निम्मा काठ उपटला. वेखंड तर मुठी भरभरून. चुन्याचे पट्टे मारले. उपटलेलं टाकायचं कुठं? वैरणीला सोन्याचा भाव, आणि समोर बाईंची पेन्शन बांधलेली, दोन दिवस नुसत्या कडब्यावर. मी प्रेमानं सगळा भारा तिच्यापुढं टाकला. एरवी जनावर वेखंडाला तोंड लावत नाही. दुष्काळात पेन्शनचे असले चोचले राहिले नव्हते.

साहेब आलेच नाहीत. आमच्या गावाकडे येता येता दुसऱ्या रस्त्यानं जायची परंपराच आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र शीतकरण केंद्रातून आमची कॅन परत आली. केंद्रावरच्या केमिस्टनं झाकण उघडून वास घेतला, परत घेतला, शेजारच्याला दिला आणि टेम्पोवाल्याबरोबर निरोप पाठवला, "ह्या दुधाला बाळंतिणीच्या खोलीचा वास येतोय." गावातल्या प्रत्येक माणसाला लहानपणी वेखंड उगाळून चाटवलेलं. ज्यानं त्यानं वास घेतला त्याला आपली आई आठवली. नानासाहेबांना मात्र निवडणूक आठवली.

बाई परतल्या. त्यांनी कॅनमध्ये नाक घातलं, मग हौदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दत्तात्रय, आपण काय उपटलंत?"

मी सांगितलं. त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. "म्हशीला वेखंड चारून आख्ख्या तालुक्याच्या बाळांची सोय करनार व्हतास व्हय रं? चल, वर कर पँट." तीन दिवस मी गुडघाभर चिखलात बसून तुटलेले गड्डे शोधून लावत होतो. वेखंडाचं असं असतं की तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला फूट येते. महिनाभरात ते आधीपेक्षा दाट झालं. मी तसं दाखवायला गेलो तर बाई म्हणाल्या, "ह्याचं श्रेय मागायचं न्हाई."

पण नानासाहेबांच्या हातात कोलीत आलं होतं. त्यांनी सह्या गोळा करून विशेष सभा मागितली. ठराव साधा होता: बागेतला हौद मुरूम टाकून बुजवावा आणि तिथं टेम्पो उभा करायला कोबा करावा. बाईंना मत देणारी बरीचशी घरं ऊसतोडीला गेलेली. उरलेल्यांत नानासाहेबांचं पारडं जड, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सभेच्या आदल्या दिवशी मी बाईंना म्हणालो, "जाऊ द्या ना बाई. चार झाडं हायत. पाऊस पडला की तळ्यात परत उगवतील."

"कशातून?" त्या म्हणाल्या. "काठ खरवडला, गाळ शेतात गेला, वर्षभर ऊन खाल्लं. दत्ता, आता ह्या गावच्या तळ्याचा काठ ह्या हौदात हाय, आन् कुठंबी न्हाई. हा बुजवला तर पुढच्या वर्षी पानी यील. तळं न्हाई येनार."

मग म्हणाल्या, "तुला ठाऊक न्हाई, तू लई उशिरा जन्माला आलास. तळ्याच्या घाटाच्या पायऱ्या गावच्या व्हत्या. आमच्या वस्तीच्या वाट्याला लव्हाळ्याकडचा काठ. माझी आई चिखलातून जाऊन लव्हाळं बाजूला सारून घागर भरायची. लोक म्हनायचे, ह्यांना चिखल दिला. पन पायऱ्यांवरचं पानी गढूळ असायचं आन् आमच्या घागरीतलं निवळ. आईनं ते कुनाला कधी सांगितलं न्हाई." त्यांनी छत्री उचलली. "मी सांगनार हाय."

सभा कधी घ्यायची हे अध्यक्षांनी ठरवायचं असतं. नानासाहेबांना सकाळ हवी होती. बाईंनी टळटळीत दुपारची वेळ दिली आणि जागा दिली कडुनिंबाखाली, हौदाशेजारी. सगळ्यांना वाटलं, हौदाची सहानुभूती मिळवायची युक्ती. मलाही तेच वाटलं.

सभा सुरू झाली आणि बाईंनी असा काही वेळकाढूपणा केला, की मला त्यांची काळजी वाटायला लागली. एरवी बैठक चहा गार व्हायच्या आत संपवणाऱ्या बाई. त्यांनी हजेरी घेतली, ती सगळ्या सभासदांची, वडिलांच्या नावासकट. गैरहजरांची कारणं विचारली. मग मला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगितलं, सावकाश, उच्चार नीट करून. मध्येच "ण म्हण, ण" असं थांबवलं. चौथीतला घाम परत फुटला.

इथं एक व्यावसायिक गुपित सांगितलं पाहिजे. सचिव लोक इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवतात. सभेत घोळ होतो, लिहिताना होत नाही. मीही त्या दिवसाचं इतिवृत्त आदल्या दिवशी पुरं केलं होतं. घाईघाईत पान उलटलं ते दोन पानं एकदम उलटली आणि मी मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात वाचून गेलो, "हौद बुजवण्याबाबतचा सदर ठराव चर्चेअंती बहुमताने मंजूर करण्यात आला. आभार प्रदर्शन व चहापान होऊन सभा संपली."

नानासाहेबांच्या गटातल्या एकानं चुकून टाळी वाजवली.

"दत्ता," बाई म्हणाल्या, "अजून सभा व्हायची हाय बाळ. चहा आदीच पिलास का काय?"

लोक इतके हसले की पाच-दहा मिनिटं तशीच गेली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं ते रागानं नव्हे. आज वाटतं, त्यांना तेवढीच मिनिटं हवी होती.

शेवटी नानासाहेब उठले. नानासाहेब बोलायला वाईट नव्हते. "मंडळी," ते म्हणाले, "आपल्या आयाबहिनी टँकरपुढं घागरी घिऊन उभ्या हायत, आन् हितं गवताला पानी पाजतोय आपुन. त्याच गवतापायी दूध माघारी आलं. अन् पानी तरी कसलं? कॅन धुतलेलं. गटारीचं. मी सांगतो, त्या पान्याला जनावरसुदिक तोंड लावनार न्हाई."

टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, "दत्ता, हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहून घे."

मी लिहीत असतानाच सभासदांच्या मागच्या रांगेत हालचाल झाली. लोक सतरंजीवरून सरकत होते. मी मान वर केली तर सभेच्या मधोमध वाट करून एक म्हैस येत होती. तिच्यामागं दुसरी. पहिलीचं डावं शिंग खाली वळलेलं. अशा शिंगाची म्हैस गावात एकच होती, नानासाहेबांच्या गोठ्यात. ती कुणाकडे न बघता नानासाहेबांच्या जवळून गेली, त्यांच्या धोतराला शेपटी लावून गेली, आणि सवयीच्या पायांनी हौदाच्या पलीकडं जाऊन डोणीत तोंड घालून पाणी प्यायला लागली. दुसरी तिच्याशेजारी. पाणी पितानाचा तो घुटुक घुटुक आवाज सगळ्या सभेनं ऐकला.

पाठोपाठ काठी घेऊन नानी आल्या. नानी म्हणजे नानासाहेबांची मंडळी. एवढी माणसं बघून त्या पदर सावरत जागच्या जागी थबकल्या.

"या नानी," बाई म्हणाल्या. "आज जरा उशीर झाला."

"सभा हाय म्हनून ह्यांनी गोठ्याला कडी लावली व्हती," नानी म्हणाल्या. "म्हशीनं वराडून वराडून घर डोक्यावर घितलं. मग काढली मी."

नानासाहेबांचा आवाज खाली आला. "हे कवापासनं चाललंय?"

"दसऱ्यापासनं. दुपारी तुमी झोपलात की." नानींनी मग एकदा सगळ्या सभेकडे पाहिलं आणि त्यांचा संकोच गेला. "टँकरच्या दोन घागरीत म्हशी जगवायच्या का तुमची आंगूळ, ते तुमी ठरवा. मी माझं ठरिवलं. आन् गटारीचं म्हनताव? आधीचं गटार आपल्या दारात येत व्हतं. मळमळायचं मला. आता येतंय का?"

पोरंसोरं हसायला लागली, मग म्हातारे. बाई हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या आणि लख्ख, पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "सूचकांनी सांगावं. ठराव मतास टाकायचा की मागे घ्यायचा?"

माझ्या आयुष्यात नानासाहेबांबद्दल मला आदर वाटला तो त्या क्षणी. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हशींकडे बघितलं आणि म्हणाले, "ठरावाला दुरुस्ती सुचवतो. डोण हातभर लांब करावी. दोन म्हशी एकदम पिताना दाटीवाटी हुतीया."

एकमतानं मंजूर. मी माझं आधीचं पान खोडून काढलं. चहापान तेवढं तसंच ठेवता आलं.

पुढच्या वर्षी पावसानं मागची कसर भरून काढली. तळं काठोकाठ भरलं, मग ओसरून जागेवर बसलं. पाणी चहासारखं गढूळ, लाटा भरावाची माती पाडत होत्या. कारखान्यांवरून परत आलेल्या बायका, नानासाहेबांचे गडी, शाळेतली पोरं, झाडून सगळे एका सकाळी ऑफिससमोर जमले. हौद फोडावा लागला नाही. फुटवे काढले, तरी हौद भरलेलाच दिसत होता. कोयत्यावर हात बसलेल्या त्या बायकांनी गड्डे असे सपासप सोडवले, की मी लावायच्या कामाला लागलो, तोडायच्या नाही. मला तोडायचं काम द्यायला कुणी तयारही नव्हतं.

तळ्यावर पोचल्यावर सगळे आपोआप लव्हाळ्याकडच्या जुन्या काठाकडे वळले. बाईंनी छत्री आडवी धरली.

"तिकडं नंतर. आधी घाटाकडं."

"पायऱ्यांवर, बाई?" नानासाहेब म्हणाले. "तिथं कधी काय उगवलंच न्हाई."

"म्हनून तर," बाई म्हणाल्या.

पायऱ्यांच्या दोन्ही अंगांनी, फटींत, खालच्या पायरीच्या गाळात लव्हाळा लागला, वेखंड लागलं, ब्राह्मीच्या काड्या दगडांवर सोडल्या. नानासाहेबांनी धोतर भिजवून स्वतः दोरी धरली, पाणकणसाची ओळ सरळ यावी म्हणून. मग घाटापासून सुरुवात करून, दोन-तीन आठवडे, गावानं तळ्याभोवती फेर धरला आणि शेवटी जुन्या काठाला येऊन मिळालं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भराव ढासळायचा थांबला. पाणकोंबड्या पिल्लं घेऊन हिंडायला लागल्या. घाटावरचं पाणी ओंजळीत धरलं तर हाताच्या रेषा दिसायच्या.

एका सकाळी बाई पायऱ्या उतरून अगदी खाली गेल्या. ओंजळ भरली, बघितली, सोडून दिली. वर आल्या तेव्हा चेहरा असा, जसा निकालाच्या दिवशी शाळेचं कुणी जिल्ह्यात पहिलं आल्यावर असायचा.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "आता सगळ्या तळ्याला आमचाच काठ झाला की बे."

त्यानंतर बोलावणी सुरू झाली. या गावची संस्था, त्या गावची ग्रामपंचायत, एका कॉलेजनं तर बागेतल्या हौदाचं उद्घाटन ठेवलं आणि बाईंनी तिथं जाऊन आधी त्यांची जलपर्णी उपटायला लावली, मग फीत कापली. पुढं गुडघे गेले, म्हैस विकली, बाई कायमच्या लातूरला लेकीकडे गेल्या. तिथंच एका उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं. मी शेवटचा गेलो तो त्यांच्या फोटोपुढं. पण त्याला मी भेट म्हणत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते केजच्या रस्त्यावर, गाव सोडायच्या महिनाभर आधी. मी फाट्यावर उभा होतो. वडापची जीप आली, नेहमीसारखी भरलेली, दोघं मागच्या फळीवर लटकलेले. थांबली तेव्हा बघतो तर दोन्ही खिडक्यांतून हिरवी पाती बाहेर आलेली. बाई ड्रायव्हरशेजारी, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये. कुठल्यातरी गावच्या तळ्यासाठी त्यांनी पोती भरून मुळ्या घेतल्या होत्या आणि जागा नव्हती म्हणून एकेक पोतं एकेका प्रवाशाच्या मांडीवर दिलं होतं. एक पांढऱ्या कपड्यांतला पुढारी पोतं धरून अवघडून बसला होता. त्याच्या विजारीवरून चिखलाचं पाणी ओघळत होतं.

"बाई, माझी कापडं," तो म्हणाला.

"कापडं वाळतील. ते वाळलं तर मरंल," बाई मागं न बघता म्हणाल्या. "नीट धर, मान मोडू नको त्याची."

मला बघून त्यांनी नुसती छत्री उचलली. माझ्यासाठी जागा नव्हती. जीप सुटली. बाई आतल्या सगळ्यांची हजेरी घेत होत्या, कुठल्या मांडीवर कोण आहे त्याची, आणि माणसं "हजर" म्हणायच्या ऐवजी झाडांची नावं सांगत होती, लव्हाळा बाई, वेखंड बाई, ब्राह्मी. पुढाऱ्याला आपलं सांगता येईना. "मागच्या बाकावरचं हाय ते, पाणकणीस म्हन," असा बाईंचा आवाज आला, त्यानं तसं म्हटलं, आणि जीप पाती हलवत वळणाआड गेली. मागं धुळीच्या रस्त्यावर पाण्याची एक बारीक ओळ राहिली होती, थेट त्या दुसऱ्या गावाच्या दिशेनं.